मी खात्री करून घेतली आहे

आमच्या घरात वाचायचं म्हणजे मोठ्यानं वाचायचं, आणि तेही विरामचिन्हांसकट. बाबा साकीनाक्याच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्या कामात दोन माणसं समोरासमोर बसतात. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो, दुसरा छापलेल्या कागदावर नजर ठेवून चुका खुणावतो. वाचणाऱ्यानं काहीही गाळायचं नसतं, म्हणून तो चिन्हंही वाचतो. 'सभा सकाळी दहा वाजता स्वल्पविराम सोसायटीच्या गच्चीवर होईल पूर्णविराम नवा परिच्छेद.' बाबांच्या समोर बसून बावीस वर्षं मूळ प्रत वाचणारा माणूस म्हणजे विलासकाका. पुढे छापखाना बंद झाला, गाळा विकला गेला, पण घाटकोपरला पंतनगरच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांचा आवाज तसाच चालू राहिला. विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरची सूचना, कुणाची लग्नपत्रिका, सगळं ते त्याच सुरात वाचत. आई मालवणकडची. स्वयंपाकघरातून तिचं उत्तर यायचं, "तुमच्यावांगडा धड भांडूक पण येणा नाय. मधीच पूर्णविराम घालतास."

त्या कामाचा एक नियम बाबा घरातही पाळत. लेखकाच्या मतात मुद्रितशोधकानं पडायचं नाही. आधीची प्रत आणि नंतरची प्रत यांत फरक दिसला, आणि नंतरच्या प्रतीला लेखकाची संमती असली, तर नंतरची खरी. लेखकानं का बदललं हे विचारायचं नाही. शाळेत असताना मी निबंधाचा शेवट बदलला किंवा कॉलेजला जाताना विषय बदलला, तेव्हा त्यांनी हाच नियम लावला. मला तो फार सोयीचा वाटायचा.

आई स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग करायची. ती शिकली टाइपरायटरवर, त्यामुळे संगणकाच्या कळाही ती ठोकायची. दुकानाचा मालक म्हणायचा, ताई, कीबोर्ड माझा आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सोसायट्यांचे अहवाल, कुणाचा प्रबंध. पानाला ठरलेला दर, त्यातला निम्मा दुकानाचा. ती इमारत पुनर्बांधणीला गेली आणि दुकानदारानं दोन महिन्यांची मुदत सांगितली. त्याच सुमारास भटवाडीत राहणारे धुरी गुरुजी तिच्याकडे आले. निवृत्त शिक्षक. आयुष्यभराच्या शिक्षकीबद्दल त्यांनी नऊ वह्या लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांना त्याचं पुस्तक करायचं होतं. त्यांचं अक्षर आईखेरीज कुणाला लागत नव्हतं. ते म्हणाले, "बाई, टायपिंगचं यंत्र तुमच्या घरी येऊ दे, वह्या तुमच्या घरी आणून देतो. महिनाअखेरीपर्यंत थांबतो. पुढे माझे अजून तिघे मित्र आहेत लिहून बसलेले." आईनं ही बातमी आम्हाला चवळीची उसळ वाढता वाढता सांगितली, जणू कुणीतरी पत्ता बदलल्याची बातमी असावी. पण त्या आठवड्यात तिनं खिडकीजवळचं शिवणयंत्र माळ्यावर टाकायला लावलं, तिथली भिंत पुसून घेतली आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून कमरेइतक्या उंचीवर एक प्लग काढून घेतला. चोवीस वर्षं दुसऱ्याच्या टेबलावर काम केलेल्या बाईची ती तयारी होती.

मी तेव्हा एका साप्ताहिकात नुकतीच लागले होते. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ते दर शनिवारी घरोघर जायचं. कार्यकारी संपादक विलासकाका होते आणि मला चिकटवलं त्यांनीच. कचेरी साकीनाक्यालाच, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या वर. खाली यंत्र आपटलं की वर आमच्या चहाच्या कपात वर्तुळं उठायची. बाहेर रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते, बस असल्फ्याला अर्धा अर्धा तास थांबून राहायची. माझ्याकडे एक सदर होतं: बाजारात आलेली नवी वस्तू घरी नेऊन वापरायची आणि घ्यावी की नको ते लिहायचं. मिक्सर, पाण्याचा फिल्टर, विजेची शेगडी. सदराला माझं नाव असायचं. शनिवारी सकाळी बाबा ते आईला वाचून दाखवत, स्वल्पविरामांसकट, आणि माझ्या नावानंतरही पूर्णविराम म्हणत.

त्या दिवसांत वाचकांची पत्रं एकाच प्रश्नाची येत. मुलाला, सुनेला, स्वतःला काय घ्यावं: नेटबुक, म्हणजे तो लहानसा स्वस्त लॅपटॉप, की नुकताच आलेला टॅब्लेट? एका नव्या टॅब्लेटच्या कंपनीनं आमच्याकडे एक नमुना आठवडाभरासाठी पाठवला. नेटबुक विलासकाकांनी आपल्या पुतण्याचं आणून दिलं. मी दोन्ही घरी नेली आणि आईसमोर ठेवली. हा विषय आमच्या घरात सदरापुरता नव्हता, हे विलासकाकांना ठाऊक होतं. बुधवारी ते जेवायला आमच्याकडेच होते. बांगड्याचं तिखलं आणि भात. आईनं आधी नेटबुकवर गुरुजींच्या वहीचं एक पान करून पाहिलं. कळा लहान म्हणून दोनदा अडखळली, मग हात बसला. नंतर टॅब्लेट मांडीवर घेतला.

"ह्या काचेर बोटाक कायच कळणा नाय," ती म्हणाली. "दाबलंय काय नाय दाबलंय, बघूचा लागता."

"वहिनी, सवय होईल," विलासकाका म्हणाले. "आता सगळं काचेवरच जाणार."

"तुम्ही जावा काचेवर. माका पान संपवूचा असता."

मग तिनं त्यावर एक जुनी मराठी फाइल उघडायला लावली. पडद्यावर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. त्या सुरुवातीच्या टॅब्लेटांपैकी पुष्कळांना मराठी लिपी दाखवताच येत नव्हती, हे आज कुणाच्या लक्षातही नसेल. आज फोनमध्ये नुसतं बोललं तरी मराठी उमटतं, आणि नेटबुक ही वस्तू तर दुकानातून केव्हाच नाहीशी झाली. पण तेव्हा प्रश्न एवढाच होता की मराठीत काम करणाऱ्या माणसाला कशाचा उपयोग आहे. बाबांनी चष्मा लावून पडदा जवळ घेतला आणि त्यांच्या नेहमीच्या सुरात वाचलं, "चौकट चौकट चौकट स्वल्पविराम चौकट पूर्णविराम." विलासकाका हसताना त्यांना ठसका लागला. आईनं पाणी दिलं.

मी लेख हातानं लिहिला, कारण बाबांना तसा लागायचा. सिनेमा पाहायचा, इंग्रजी वाचायचं, मेल बघायची असेल तर टॅब्लेट उत्तम. मराठीत लिहायचं, पोटासाठी टाइप करायचं असेल तर नेटबुक घ्या, टॅब्लेटच्या वाटेला जाऊ नका, असा त्याचा सारांश. चौकटींचा परिच्छेद होता. बाबांनी ती प्रत वाचली, दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि परत दिली. कचेरीत मी ती टाइप करून दिली आणि मूळ कागद नेहमीसारखे घरी आणले.

शुक्रवारी संध्याकाळी पान तयार झालं. आमच्याकडे पद्धत होती: ज्याचा लेख, त्यानं पानाचा छापील कागद वाचून कोपऱ्यात सही करायची. विलासकाकांनी तो माझ्यापुढे ठेवला. "बघून घे गं पटकन. प्रेसवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला."

मथळा बदलला होता. चौकटींचा परिच्छेद होता, पण त्याच्याखाली दोन नवी वाक्यं होती. 'मात्र प्रत्यक्ष विक्रीला आलेल्या टॅब्लेटमध्ये कंपनीने मराठीची ही अडचण दूर केली आहे. याची मी खात्री करून घेतली आहे.' शेवटची ओळ आता अशी होती, की नेटबुकचे दिवस संपले, मराठीत काम करणाऱ्यांनीही वेगळा कीबोर्ड जोडून बिनदिक्कत टॅब्लेट घ्यावा. समोरच्या पानावर त्याच टॅब्लेटची पानभर जाहिरात होती.

"काका, हे मी लिहिलेलं नाही."

"लिहिणारी तू, संपादन करणारा मी. दोन वाक्यं आहेत."

"मी खात्री करून घेतली असं म्हटलंय. कुणी करून घेतली?"

"त्यांच्या माणसानं मला फोनवर सांगितलं. झाली की खात्री."

"मग तुमच्या नावानं छापा."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "माझ्या नावावर कोण विश्वास ठेवतो यार? लोकांना ठाऊक आहे जाहिराती मी आणतो. तुझ्या नावानं गेलं की लोक मानतात. ही कमाई आहे सुजाता, लहान वयात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पान नाही लागलं तर पुढचा अंक निघत नाही. दोघी जणी घरी बसतील, त्यात तू नवी. मी तुला पहिल्यांदा काहीतरी मागतोय."

मी किती वेळ घेतला ते मला नीट आठवतं, कारण खालचं यंत्र तेवढ्यात चार वेळा आपटलं. मी सही केली. नावाची आद्याक्षरं आणि खाली तारीख, बाबांनी शिकवलं होतं तशी.

बसमध्ये मी स्वतःशी हिशेब मांडला तो असा. घरच्यांनी चौकटी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. बाबांनी माझी मूळ प्रत वाचली आहे. छापून काहीही आलं तरी त्यांना खरं काय ते ठाऊक आहे, तेव्हा सांगण्याची घाई नाही. लोकांचं काय होईल हा विचार मी केला नाही. हे लिहिणं आवश्यक आहे, कारण पुढे मी विलासकाकांबद्दल जे सांगणार आहे ते ऐकताना वाचकानं हे लक्षात ठेवलं पाहिजे.

शनिवारी सकाळी अंक आला. आई घावणे घालत होती, तव्यावर पीठ पडल्याचा आवाज येत होता आणि मी त्या आवाजात बाबांच्या आवाजाची वाट पाहत होते. तो आला नाही. त्यांनी माझं सदर मनातल्या मनात वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, अंकाची घडी घातली आणि उशाशी ठेवली. "आज वाचूक नाय?" आईनं विचारलं. "नंतर," ते म्हणाले. मला वाटलं, त्यांना बदल दिसला आणि आवडला नाही. मी सुटले असं वाटून मी आणखी एक घावणा घेतला.

त्यांना बदल दिसला होता हे खरं. पण त्यांनी तो आपल्या नियमानं वाचला होता. आधीची प्रत म्हणते नेटबुक. नंतरची, छापील, लेखकाच्या नावानिशी, म्हणते टॅब्लेट, आणि वर म्हणते की मी खात्री करून घेतली आहे. पोरीनं पुढे चौकशी केली, अडचण दूर झाल्याचं तिला कळलं, तिनं मत बदललं. का बदललं हे विचारायचं नाही. आईच्या बोटांना काच आवडली नव्हती, पण त्यावरही लेखात उपाय होता: जोडायचा वेगळा कीबोर्ड दुकानात मिळतो. तेही विलासकाकांनीच घातलेलं.

मंगळवारी मी घरी आले तेव्हा खिडकीजवळच्या मोकळ्या जागेत टेबल आलं होतं आणि टेबलावर त्या टॅब्लेटचं खोकं. बाबांनी पोस्टातली ठेव मोडली होती. आई हळदीकुंकवाला नेसायची ती साडी नेसून खुर्चीत बसली होती आणि बाबा उभे राहून, खोक्यावरचा इंग्रजी मजकूर तिला मराठी करून सांगत होते. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "टॅब्लेटचा दुकानदार म्हणाला, काका, पेपरातला तोच आमच्याकडे आहे. त्यानं तुझा लेख काचेला चिकटवलाय. मी सांगितलं नाही मुलगी माझी म्हणून. पण त्याला कळलं असावं."

मी काही बोलण्याआधी आईनं फाइल उघडली. पडद्यावर चौकटी आल्या. तिनं बंद करून पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा उघडताना तिनं पदराला हात पुसले, जणू बोटांचा दोष असावा.

"ह्या काय गो?" ती मला म्हणाली.

बाबांनी पडदा पाहिला, मग मला पाहिलं. "तू खात्री करून घेतली होतीस," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"ती वाक्यं माझी नाहीत. काकांनी घातली."

बाबांनी टॅब्लेट आईच्या हातातून घेऊन खोक्यावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मूळ प्रत कुठे आहे?"

खोकं उघडलेलं होतं म्हणून त्या दुकानदारानं टॅब्लेट परत घेतला नाही. "काका, मैंने थोडी बोला, पेपर में लिखा था," एवढंच तो म्हणाला आणि काचेवरच्या लेखाकडे बोट दाखवलं. दुसरं यंत्र घेण्याइतके पैसे घरात नव्हते. बाबांनी विलासकाकांना फोन केला. आवाज चढवला नाही. "रविवारी ये. वाचायचंय," इतकंच म्हणाले. ते ऐकून विलासकाकांना वाटलं असावं, असं मी धरलं, की बाहेरचं काही काम आलं आहे, कारण ते येताना जिलबी घेऊन आले.

बाबांनी त्यांना टेबलाच्या पलीकडे बसवलं आणि माझे हातानं लिहिलेले कागद त्यांच्यापुढे ठेवले. स्वतःपुढे अंक घेतला आणि लाल पेन्सिल. "वाच."

विलासकाकांनी पहिलं पान पाहिलं आणि त्यांना समजलं. "भाऊ, हे काय आता."

"मूळ प्रत तू वाचायचीस. नेहमीसारखी. वाच."

ते उठून जाऊ शकले असते. मी त्या गोष्टीचा नंतर पुष्कळ विचार केला. पण बावीस वर्षं समोर बसलेल्या माणसानं वाच म्हटल्यावर त्यांचा आवाज आपोआप लागला. त्यांनी मथळा वाचला, बाबांनी अंकावर पहिली खूण केली. नेटबुक म्हणजे काय, टॅब्लेट म्हणजे काय, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. मग चौकटींचा परिच्छेद आला. तो संपल्यावर ते सरळ पुढच्या परिच्छेदावर गेले, कारण मूळ प्रतीत पुढे तोच होता.

"थांब," बाबा म्हणाले. "माझ्याकडे दोन वाक्यं जास्त आहेत." त्यांनी ती दोन्ही वाक्यं वाचली, पूर्णविरामांसकट. "ही तुझ्याकडे आहेत?"

"नाहीत."

"बुधवारी तू इथे जेवत होतास. तिनं चौकटी दाखवल्या तेव्हा."

"भाऊ, मला काय स्वप्न पडलं होतं तुम्ही विकत घ्याल म्हणून? तुम्ही तर सगळं बघितलं होतं."

"मी छापलेलं वाचलं," बाबा म्हणाले. "आयुष्यभर तुझ्यासमोर बसून तेच केलं ना रे?"

आई मधल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "भावजी, तुमका नेटबुकाचा वाईट लिवचा होता तर लिवचा. पण 'मी खात्री केली' ह्या तिच्या तोंडात कित्याक घातलास?"

विलासकाकांनी कागद खाली ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी त्या वेळी लाज समजले. मग त्यांनी पिशवीतून घडी घातलेला पानाचा कागद काढला. तो ते बरोबर घेऊन आले होते, म्हणजे आपल्याला कशासाठी बोलावलं आहे याचा अंदाज त्यांना जिलबी घेतानाच असला पाहिजे. कागद त्यांनी बाबांपुढे सरकवला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सही तिची आहे, भाऊ. शुक्रवारची. मी जबरदस्ती केलेली नाही."

बाबांनी सही पाहिली. तारीख पाहिली. चष्मा काढला नाही.

"तुझी आहे?"

"माझी आहे," मी म्हणाले.

"शुक्रवारी केलीस. शनिवारी आपण एकत्र घावणे खाल्ले. रविवार, सोमवार तू घरात होतीस. मंगळवारी दुपारी मी ठेव मोडली."

मला सांगायचं होतं की मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. ते वाक्य मी बसमध्ये तयार केलं होतं आणि ते चुकीचंही नव्हतं.  विलासकाका उठले, आईकडे पाहून "येतो वहिनी" म्हणाले आणि गेले. त्यांच्याशी आमचा संबंध त्या दिवशी संपला. चारच महिन्यांत ते साप्ताहिकही बंद पडलं आणि मी दुसऱ्या वर्तमानपत्रात लागले. त्यांनी मला फसवलं हे मी अनेकांना सांगत आले आहे आणि ते खरं आहे. ही सगळी हकीकत मात्र आज प्रथमच लिहिते आहे.

महिनाअखेरीला आई धुरी गुरुजींकडे निघाली. मी चप्पल घालून उभी राहिले. म्हटलं, मी येते, समजावून सांगते.

"काय सांगतलंस?" ती म्हणाली. "लिवलंय ता मीच म्हणून?" आणि एकटीच गेली. गुरुजींनी दहा दिवस आणखी थांबायची तयारी दाखवली. दहा दिवसांत काही झालं नाही, तेव्हा त्यांनी वह्या मुलुंडच्या एका टायपिस्टकडे दिल्या. झेरॉक्सचं दुकान बंद झालं. आईनं त्यानंतर टायपिंग केलं नाही. एका पाळणाघरात ती दुपारची मदतनीस म्हणून लागली आणि तिथल्या मुलांबद्दल घरी येऊन मजेत बोलायची. तिनं मला या प्रकरणावरून एक शब्दही ऐकवला नाही.

बाबांनीही नाही. पुढे मी मोठ्या वर्तमानपत्रांत लिहू लागले, तेव्हाही ते माझं प्रत्येक अक्षर वाचत, मात्र मनातल्या मनात. वाचून झालं की अंकाच्या आडून विचारत, "हे तुझंच ना?" ते जाईपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, हा प्रश्न त्यांनी प्रत्येक लेखानंतर विचारला. मी दर वेळी हो म्हणाले. त्यातल्या दोन वेळा ते खरं नव्हतं.